हौशी जाणकारांची संकेतस्थळे : माहितीने भरलेल्या कणग्या

आज बहुतेक घरांत मोबाइल फोन पोहोचला आहे. हवामान, बाजारभाव, बियाणे, औषधे अशा कोणत्याही विषयावर फोनवर क्षणात काहीतरी वाचावयास मिळते. परंतु जे मिळते ते कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि कोणत्या अनुभवावरून लिहिले, हे बहुधा कळत नाही. माहितीचा पूर आहे, पण पिण्यायोग्य पाणी शोधावे लागते अशी स्थिती झाली आहे.

याच महाजालावर गेली पंचवीस-तीस वर्षे एक वेगळ्या प्रकारची संकेतस्थळे टिकून आहेत. ती दिसावयास साधी, काहीशी जुनाट, पण मजकुराने ठासून भरलेली असतात. एखाद्या विषयाचे वेड असलेल्या व्यक्तीने नोकरी-धंदा सांभाळून, फावल्या वेळात, कोणताही मोबदला न घेता ती उभी केलेली असतात. यांपैकी कित्येक संकेतस्थळे वनस्पती, बुरशी, कीटक, मसाले व खते अशा आपल्या जिव्हाळ्याच्या विषयांवर आहेत. त्यांची ओळख करून देणे, त्यांचा उपयोग कसा करावा हे सांगणे आणि आपल्यापैकी काहींनी तसाच प्रयत्न का करावा याविषयी विचार मांडणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

जुन्या वळणाचे संकेतस्थळ कसे ओळखावे?

अशा संकेतस्थळाची काही ठळक लक्षणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या पार्श्वभूमीवर सलग मजकूर असतो. हलणारी चित्रे व जाहिराती नसतात किंवा अगदी थोड्या असतात.

२) एकच विषय असतो, पण तो मुळापासून शेंड्यापर्यंत हाताळलेला असतो.

३) सर्व पानांची अनुक्रमणिका असते. पुस्तकाच्या सूचीप्रमाणे तीवरून हवे ते पान उघडता येते.

४) लिहिणाऱ्याचे नाव आणि पान शेवटी केव्हा सुधारले याची तारीख दिलेली असते.

५) चूक आढळल्यास कळवावे अशी विनंती असते आणि चूक कळविणाऱ्याचे आभारही मानलेले असतात.

६) त्याच विषयावरील इतर चांगल्या संकेतस्थळांची यादी दिलेली असते. म्हणजे वाचकाला अडवून न ठेवता पुढची वाट दाखविली जाते.

यांतील चौथे व पाचवे लक्षण सर्वांत महत्त्वाचे समजावे. ज्याने आपले नाव घातले आहे आणि चूक दाखवा असे म्हटले आहे, तो लिहिताना काळजी घेतो. बांधावर उभा राहून सल्ला देणारा शेजारी आणि निनावी पत्रक यांत जो फरक असतो तोच येथे असतो.

ही संकेतस्थळे कशी निर्माण झाली?

महाजालाची कल्पना टिम बर्नर्स-ली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत मांडली. १९९३ च्या एप्रिलमध्ये या संस्थेने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली.

त्या काळात टेलिफोनच्या तारेवरून माहिती अतिशय मंद गतीने येत असे. इंग्रजीतील सुमारे दोन हजार शब्दांचे पान साधारणपणे १२ ते १५ किलोबाइट भरते. त्या वेळच्या २८.८ किलोबिट गतीच्या मोडेमवर असे पान चार-पाच सेकंदांत उघडत असे. आजच्या मोबाइलने काढलेले तीन मेगाबाइटचे एकच छायाचित्र उघडावयास त्याच तारेवर सुमारे चौदा मिनिटे लागली असती. त्यामुळे लिहिणाऱ्यांचा सर्व भर शब्दांवर राहिला. थोड्या जागेत जास्तीत जास्त माहिती द्यावयाची, ही सवय त्या अडचणीतून लागली. कोरडवाहू शेतकरी जसा पाण्याचा थेंब जपून वापरतो तसाच हा प्रकार होता.

दुसरे कारण असे की, पान तयार करण्याची पद्धत सोपी होती. साध्या मजकुरात ठराविक खुणा घातल्या की मथळा, परिच्छेद, तक्ता व जोड तयार होतात. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. दुसऱ्याचे पान कसे रचले आहे तेही संगणकावर उघडून पाहता येत असे. शेजाऱ्याचे पीक पाहून आपण पेरणीची पद्धत शिकतो, तसे हे लोक एकमेकांचे पाहून शिकले. प्राध्यापक, रसायनतज्ज्ञ, विद्यार्थी, बागवान असे नाना प्रकारचे लोक यात उतरले.

काही निवडक उदाहरणे

अ) मसाल्याच्या पिकांची पाने : ऑस्ट्रियातील श्री. गर्नोट कात्सर हे रसायनशास्त्राचे जाणकार. मसाल्याची पिके हा त्यांच्या हौसेचा विषय. त्यांनी 'स्पाइस पेजेस' या नावाने शंभराहून अधिक मसाला वनस्पतींची माहिती एकत्र केली. प्रत्येक वनस्पतीसाठी मांडणी ठरलेली आहे. प्रथम निरनिराळ्या भाषांतील नावे, नंतर वापरला जाणारा भाग, वनस्पतीचे कूळ, वास व चव, त्यांस कारणीभूत असलेली रासायनिक द्रव्ये, मूळ स्थान आणि शेवटी नावाची व्युत्पत्ती. नावांच्या यादीत मराठी नावे देवनागरी लिपीत दिलेली आहेत. आपल्या कोकणातील कोकमाला तेथे स्वतंत्र पान आहे आणि चिनी तिरफळाच्या पानावर, किनारपट्टीत माशाच्या कालवणात पडणाऱ्या आपल्या तिरफळाचाही उल्लेख येतो.

पदव्युत्तर शिक्षण घेत असताना एका चर्चासत्रासाठी ओव्याची माहिती शोधताना मला हे संकेतस्थळ प्रथम सापडले. ओव्याचा वास थायमॉल या द्रव्यामुळे येतो एवढेच मला हवे होते. प्रत्यक्षात त्या रात्री ओव्यावरून जिऱ्याकडे, जिऱ्यावरून शहाजिऱ्याकडे आणि तेथून कलौंजीकडे असे वाचत गेलो. इंग्रजीत 'ब्लॅक क्युमिन' हे एकच नाव शहाजिरे आणि कलौंजी या दोन अगदी भिन्न वनस्पतींना लावले जाते, ही गोष्ट तेव्हा प्रथम नीट समजली. शहाजिरे गाजर-कोथिंबिरीच्या कुळातील, तर कलौंजीचे कूळ वेगळे. केवळ बाजारी नावावर विसंबून बियाणे मागविणाऱ्याची येथे फसगत होऊ शकते. ही माहिती पाठ्यपुस्तकात नसते असे नाही, परंतु ती इतक्या आपुलकीने एका ठिकाणी मांडलेली क्वचितच आढळते.

ब) उपयुक्त वनस्पतींची नोंदवही : इंग्लंडमधील श्री. केन फर्न हे पूर्वी लंडनमध्ये बसचालक होते. खाद्य व औषधी वनस्पतींचा त्यांना ध्यास लागला. पत्नीसह कॉर्नवॉल परगण्यात जमीन घेऊन त्यांनी शेकडो वनस्पती लावून पाहिल्या आणि वाचलेल्या व अनुभवलेल्या गोष्टींची नोंद ठेवली. त्यातून 'प्लँट्स फॉर अ फ्यूचर' ही सात हजारांहून अधिक वनस्पतींची सूची तयार झाली. ती मुख्यतः थंड हवामानासाठी आहे. पुढे त्यांनी उष्ण कटिबंधातील उपयुक्त वनस्पतींची स्वतंत्र सूची केली. ती आपल्याला अधिक उपयोगी आहे. शेवगा, करंज, हादगा, गिरिपुष्प यांसारख्या झाडांची लागवड, अभिवृद्धी, खाद्य व औषधी उपयोग, वनशेतीतील उपयोग अशी माहिती त्यात मिळते.

या सूचीत 'ज्ञात धोके' असा एक रकाना आहे. उपयोग सांगणारे पुष्कळ असतात, धोका सांगणारे थोडे. गिरिपुष्पाचेच उदाहरण घ्या. त्याचा पाला हिरवळीच्या खतासाठी उत्तम आहे, पण त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी 'उंदीर मारणारे' असा आहे. त्याच्या साली व बियांचा वापर काही देशांत उंदरांच्या विषासाठी होत आला आहे. बांधावर झाड लावताना दोन्ही बाजू माहीत असणे आवश्यक असते.

क) बुरशीचे मासिक : अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील प्रा. टॉम व्होल्क यांनी १९९७ पासून 'या महिन्याची बुरशी' अशी लेखमाला आपल्या संकेतस्थळावर चालविली. शिकविणे हा त्यांचा व्यवसाय होता, पण ही पाने वर्गासाठी नव्हे तर बुरशीवरील प्रेमापोटी लिहिलेली होती. धान्यावरील अरगट रोगाची बुरशी माणसाला व जनावराला कशी विषबाधा करते, मक्याच्या कणसावरील काणी मेक्सिकोत भाजी म्हणून आवडीने कशी खाल्ली जाते, अशा गोष्टी त्यांनी हसतखेळत सांगितल्या. बाजरीवरील अरगट आपल्याकडेही आढळतो. त्याची बुरशी वेगळ्या जातीची असली तरी फुलोऱ्यातून शिरून दाण्याची जागा घेण्याची तिची रीत तीच आहे. ती रीत एकदा समजली की, अरगटयुक्त बियाणे मिठाच्या द्रावणात टाकून तरंगणाऱ्या गाठी वेगळ्या का करावयाच्या, हे पाठ करावे लागत नाही.

ड) डबक्यातील वनस्पती : कॅलिफोर्नियातील एका महाविद्यालयातील प्रा. वेन आर्मस्ट्राँग यांनी 'वेन्स वर्ड' नावाचे संकेतस्थळ चालविले. पाण्यावर तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म वनस्पती हा त्यांचा खास विषय. जगातील सर्वांत लहान सपुष्प वनस्पती वुल्फिया हिच्याविषयी त्यांच्याइतके बारकाईने लिहिणारे विरळाच. ॲझोला आणि तिच्या पानाच्या पोकळीत राहून हवेतील नत्र स्थिर करणारे निळे-हिरवे शेवाळ यांच्या सहजीवनाविषयीही त्यांनी लिहिले आहे. जनावरांच्या चाऱ्यासाठी ॲझोलाचे खड्डे करणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांनी ते अवश्य समजून घ्यावे.

इ) जुन्या ग्रंथांचे जतन : श्री. कीथ ॲडिसन यांच्या 'जर्नी टू फॉरेव्हर' या संकेतस्थळावर लहान शेतकऱ्यांसाठी एक ग्रंथालय उभारण्यात आले. दुर्मीळ झालेली शेतीची पुस्तके त्यात संपूर्ण दिलेली आहेत. त्यांतील एक पुस्तक आपल्या दृष्टीने विशेष आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड आणि श्री. यशवंत वाड या दोघांनी लिहिलेले, शेतातील टाकाऊ पदार्थांपासून सेंद्रिय खत करण्याविषयीचे हे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. आपण ज्याला 'इंदूर पद्धतीचे कंपोस्ट' म्हणतो त्याची मूळ हकिगत येथे मिळते. काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर कसे द्यावयाचे, ओलावा किती राखावयाचा, चाळणी केव्हा करावयाची आणि सुमारे तीन महिन्यांत खत कसे तयार होते, हे सर्व कारणांसह सांगितले आहे. आपण केवळ कृती ऐकून खड्डा भरतो. हवा व ओलावा यांचा मेळ बसला नाही की खड्ड्यात दुर्गंधी सुटते आणि कंपोस्ट जमत नाही असा निष्कर्ष काढतो. मूळ पुस्तक वाचले की चूक कोठे झाली ते उमगते. इंदूरच्या मातीत जन्मलेले हे ज्ञान एका परदेशी हौशी माणसाने सांभाळले, हे वाचून समाधान वाटते आणि थोडी खंतही वाटते.

नाव व तारीख यांचे मोल : एक अनुभव

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली. पुढच्या, म्हणजे २०१९ च्या खरिपात एक तरुण शेतकरी आपल्या मक्याची पाने घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या मोबाइलवर एका अळीचे छायाचित्र आणि त्याखाली तीन कीटकनाशके एकत्र करून फवारण्याचा सल्ला आला होता. त्याप्रमाणे त्याने फवारणी केली. पाने करपली, दोन हजारांवर खर्च झाला आणि अळी तशीच राहिली.

पाने पाहिली तेव्हा त्यांवर एका ओळीत गोल छिद्रे होती. काही झाडांचे पोंगे वाळून सहज उपटून येत होते. खोड चिरल्यावर आत अळी सापडली. ती लष्करी अळी नव्हती, आपल्या परिचयाचा खोडकिडा होता. मोबाइलवरील छायाचित्रातील अळी तर तिसरीच, हरभऱ्यावर येणाऱ्या घाटेअळीसारखी दिसत होती. मी त्याला विचारले, "हा मजकूर कोणी लिहिला?" तो म्हणाला, "सर, ते काही दिलेलं नाही. गटावर आला, मी पुढं पाठवला." म्हणजे त्याच्याकडून तो आणखी किती जणांकडे गेला असेल याची गणती नाही. त्याचे करपलेले पीक मी पाहिले, पण त्या पुढच्यांचे काय झाले ते कधीच कळले नाही.

त्याच दिवशी मी त्याला अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या कीटकविषयक संकेतस्थळावरील एक पान दाखविले. हे संकेतस्थळ विद्यापीठाचे असल्याने ते हौशी म्हणता येणार नाही, परंतु वळण तेच आहे. लष्करी अळीवरील ते पान श्री. जॉन कॅपिनेरा यांनी १९९९ मध्ये लिहिले होते. म्हणजे अळी आपल्याकडे येण्यापूर्वी सुमारे एकोणीस वर्षे! अळीच्या डोक्यावर उलट्या 'वाय' अक्षरासारखी पांढरी खूण असते, एक मादी सरासरी १,५०० अंडी घालते, उन्हाळ्यात सुमारे ३० दिवसांत एक पिढी पूर्ण होते, हे सर्व तेथे नावानिशी व तारखेनिशी नोंदलेले होते. शेपटीकडील भागावर चौकोनात असलेले चार काळे ठिपके ही आणखी एक खूण आपल्या विद्यापीठांनी त्या वेळी सर्वत्र सांगितली होती. या दोन खुणा पाहिल्या असत्या तर त्या तरुणाची फवारणी वाचली असती.

तो पुष्कळ वेळ ते पान पाहत राहिला. मग म्हणाला, "हे दिसायला जुनंच आहे, पण कोण बोलतंय ते कळतं." या एका वाक्यात या संकेतस्थळांचे सर्व मोल आले आहे असे मला वाटते.

वापरताना घ्यावयाची काळजी

ही संकेतस्थळे कितीही चांगली असली तरी ती डोळे मिटून स्वीकारू नयेत. पुढील बाबी लक्षात ठेवाव्यात.

१) शोध शास्त्रीय नावाने घ्यावा. स्थानिक नावे दर तालुक्याला बदलतात. शास्त्रीय नाव माहीत नसल्यास कृषी विज्ञान केंद्रात किंवा महाविद्यालयात नमुना दाखवून विचारून घ्यावे. नमुना आणताना फूल, फळ व पान असलेली फांदी आणावी.

२) हवामानातील फरक ध्यानात घ्यावा. इंग्लंडमध्ये 'भर उन्हात लावावे' असे लिहिलेले असेल तर ते तेथील ऊन आहे. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्याचे ऊन नव्हे. पेरणीचे महिने तर जसेच्या तसे कधीच घेऊ नयेत.

३) कीड व रोगाची ओळख, जीवनक्रम व सवयी यांसाठी या पानांचा उपयोग करावा. औषधाची निवड व मात्रा मात्र तेथून घेऊ नये. कोणते कीटकनाशक कोणत्या पिकावर वापरावे यास आपल्या देशात केंद्रीय कीटकनाशक मंडळाची मान्यता लागते. त्यासाठी डब्यावरील लेबल व विद्यापीठाची चालू शिफारस हाच आधार धरावा.

४) पानाच्या तळाशी असलेली तारीख पाहावी. वनस्पतीचे वर्णन वीस वर्षांनीही बदलत नाही, परंतु वाण, औषधे, दर व कायदे बदलतात.

५) औषधी उपयोग वाचून घरच्या घरी प्रयोग करू नयेत. नोंद असणे आणि परिणाम सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

६) बहुतेक मजकूर इंग्रजीत आहे. घरातील शिकणाऱ्या मुलामुलींची मदत घ्यावी. त्यांच्याही ज्ञानात भर पडेल. मोबाइलवरील यांत्रिक भाषांतर कामापुरते चालते, मात्र वनस्पतींच्या नावांची त्यात हमखास गफलत होते. म्हणून शास्त्रीय नाव मूळ पानावरून ताडून पाहावे.

७) एकाच पानावर न थांबता किमान दोन ठिकाणची माहिती जुळते का ते पाहावे. दोन्ही ठिकाणी शब्द न् शब्द सारखाच मजकूर असेल तर तो एकाने दुसऱ्याचा उचललेला असतो. तो दोन साक्षीदारांचा पुरावा समजू नये.

ही कणगी रिकामी होऊ शकते

एका व्यक्तीने चालविलेल्या कामाचा एक मोठा दोष असतो. ती व्यक्ती थकली, आजारी पडली किंवा वारली की काम थांबते. प्रा. व्होल्क यांचे २०२२ मध्ये निधन झाले. त्यांच्या जागी दुसरा कोणीही प्राध्यापक शिकवू शकेल, पण तसे पान पुन्हा कोणी लिहीलच असे नाही. कधी लेखक असतो पण जागा जाते. १९९४ मध्ये सुरू झालेल्या 'जिओसिटीज' या सेवेवर लक्षावधी लोकांनी विनामूल्य पाने तयार केली होती. ती सेवा २००९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद करण्यात आली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यांतील बराच भाग उतरवून घेतला, तरी पुष्कळ काही कायमचे गेले.

यावर एक उपाय आहे. अमेरिकेतील 'इंटरनेट आर्काइव्ह' ही १९९६ मध्ये स्थापन झालेली ना-नफा संस्था संकेतस्थळांच्या प्रती साठवून ठेवते. तिची 'वेबॅक मशीन' ही सेवा २००१ पासून सर्वांना खुली आहे. एखादे जुने पान उघडत नसेल तर त्याचा पत्ता तेथे टाकून पाहावा. पुष्कळदा जुनी प्रत मिळते. याशिवाय जे पान आपल्याला नेहमी लागते ते फोनमध्ये उतरवून ठेवावे किंवा सरळ छापून घेऊन बियाण्याच्या कागदांबरोबर फाइलला लावावे. ही पाने साधी असल्यामुळे स्वच्छ छापली जातात, हाही त्यांचा एक गुण आहे.

आपण काय करू शकतो?

आता थोडे आपल्याविषयी. महाराष्ट्रात शेतीचा छंद म्हणावा इतक्या बारकाईने अभ्यास करणारे शेतकरी गावोगावी आहेत. कोणी वीस वर्षे पावसाच्या नोंदी ठेवल्या आहेत. कोणाला हुरड्याच्या ज्वारीतील गुळभेंडी, कुचकुची व सुरती यांची पारख आहे. मोहोळ येथे निवडलेली मालदांडी एम ३५-१ आणि गावात पूर्वापार चालत आलेली मालदांडी यांच्या भाकरीत काय फरक लागतो हे सांगणाऱ्या आजी आहेत. मावळ, आजरा, भुदरगड या भागांत आंबेमोहर, घनसाळ, काळा जिरगा अशा भातांच्या खाणाखुणा तोंडपाठ असणारे लोक आहेत. हे ज्ञान कागदावर नाही. ज्याच्या डोक्यात आहे त्याच्याबरोबर ते जाते. बसचालकाला सात हजार वनस्पतींची सूची करता येते, तर आपल्याला आपल्या शिवारातील सत्तर वनस्पतींची का करता येऊ नये?

सुरुवातीला संगणकाचीही गरज नाही. एक दोनशेपानी वही पुरे. नोंद करताना पुढील पद्धत ठेवावी.

१) एका पानावर एकच वाण, वनस्पती किंवा कीड घ्यावी. सर्व पानांना एकसारखे रकाने ठेवावेत. उदाहरणार्थ, स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, ओळखीची खूण, कोठे आढळते, पेरणी किंवा फुलोऱ्याची तारीख, उपयोग, धोके.

२) स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले यांची वेगळी खूण करावी. ऐकलेले असल्यास कोणाकडून ते लिहावे.

३) प्रत्येक नोंदीस तारीख घालावी. 'यंदा पाऊस उशिरा झाला' असे न लिहिता 'पहिला पेरणीयोग्य पाऊस २७ जून' असे लिहावे.

४) फसलेले प्रयोगही लिहावेत. यशोगाथा सर्व जण सांगतात. परंतु कोणते वाण कोणत्या जमिनीत का आले नाही हे कळल्याने दुसऱ्याचा हंगाम वाचतो.

५) वहीच्या पहिल्या पानावर आपले नाव व गाव आणि शेवटच्या पानावर अनुक्रमणिका लिहावी.

अशा पन्नास-साठ नोंदी झाल्या की घरातील किंवा गावातील संगणक जाणणाऱ्या मुलाकडून त्यांची साधी पाने तयार करून घेता येतात. आता मराठी मजकूर देवनागरीत लिहिणे सोपे झाले आहे. सजावटीच्या मागे लागू नये. शास्त्रीय नावांची खातरजमा करून घेण्यासाठी जवळच्या कृषी महाविद्यालयाकडे यावे. आम्हांलाही त्यातून शिकावयास मिळेल, हे मी औपचारिकता म्हणून लिहीत नाही. वर्गात शिकविताना स्थानिक वाणांविषयी विद्यार्थ्यांनी विचारलेल्या कित्येक प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे नसतात. ती एखाद्या गावातील वहीत असण्याची शक्यता अधिक आहे.

वहीची एक प्रत मात्र घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा गावच्या ग्रंथालयात ठेवावी. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही, तोच नियम माहितीलाही लागू आहे.

समारोप

थोडक्यात सांगावयाचे तर, जुन्या वळणाची संकेतस्थळे चांगली वाटतात ती जुनी आहेत म्हणून नव्हेत. त्यांत विषयावरील प्रेम आहे, नावानिशी घेतलेली जबाबदारी आहे आणि वाचकाच्या वेळेची कदर आहे म्हणून ती चांगली वाटतात. येत्या हंगामापूर्वी आपण एक गोष्ट करून पाहावी. आपल्या बांधावरील एखादे झाड किंवा पिकातील एखादी कीड निवडावी, तिचे शास्त्रीय नाव मिळवावे आणि अशा एखाद्या संकेतस्थळावर तिचे पान पूर्ण वाचावे. यापुढे फोनवर एखादा सल्ला आला तर तो शेतात वापरण्यापूर्वी आणि दुसऱ्याला पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि कशावरून लिहिले. उत्तर मिळाले नाही तर तो मजकूर पुढे पाठवू नये. एवढे पथ्य पाळले तरी कोणाचे तरी उभे पीक करपण्यापासून वाचेल.